जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवताना: पैसे टाकण्याआधी काय बघायचं

कॉम्प्युटर जुना झाला, ब्राउझर उघडायला वेळ घ्यायला लागला, मध्येच माउस अडकायला लागला, की कोणीतरी हमखास सांगतं, "रॅम टाकून घे." हा सल्ला बऱ्याचदा बरोबरही निघतो. पण रॅम एकाच दुखण्यावर लागू पडते, ते म्हणजे चालू कामाला लागणाऱ्या तात्पुरत्या जागेची टंचाई. दुखणं दुसरंच असेल तर ८ जीबी टाका नाहीतर ३२, फरक जाणवणार नाही. त्यामुळे खर्चात खरी बचत होते ती भाव करताना नाही, तर खरेदीच्या आधी. आपल्याला रॅम लागते का, किती लागते आणि नेमकी कुठली बसते, एवढं पक्कं केलं की बाकीचं काम अर्ध्या तासाचं आहे.

आधी रॅम भरली की काय बिघडतं ते बघू. प्रोसेसर डिस्कवरची माहिती थेट वापरत नाही. प्रोग्राम, उघडलेली फाइल, ब्राउझरमधला प्रत्येक टॅब आधी रॅममध्ये येतो आणि मग त्यावर काम होतं. रॅम भरली म्हणून विंडोज लगेच हात वर करत नाही. जो भाग काही वेळ वापरात नाही तो डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकून नव्या कामाला जागा करून देतं. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टममध्ये यालाच स्वॅप म्हणतात. युक्ती चांगली आहे, अडचण डिस्कच्या वेगाची आहे. रॅममधून एखादा तुकडा मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला तो शोधून द्यायला सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट. रॅमला १ सेकंद लागतो असं धरलं, तर त्याच कामाला हार्ड डिस्क २७ तासांहून जास्त घेईल. टॅब बदलल्यावर पानाऐवजी पांढरा पडदा दिसतो आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सलग जळत राहतो, तेव्हा हेच चाललेलं असतं. मघाशी बाहेर टाकलेलं विंडोज परत आत ओढत असतं.

तुमच्याकडे हे होतंय का, ते बघायला काहीही विकत घ्यावं लागत नाही. रोज जे जे उघडं ठेवता ते सगळं उघडा: ब्राउझर, त्याचे नेहमीचे टॅब, एक्सेल, जे असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. वरचा आलेख टोकाला टेकलेला आहे, 'अव्हेलेबल'समोर जेमतेम दोनतीनशे एमबी उरलेत, आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्क्यांवर अडकली आहे, असं चित्र असेल तर रॅम कमी पडतेय यात शंका नाही. 'कमिटेड' हा आकडाही बघा. ४ जीबीच्या मशीनवर तिथे ६ किंवा ७ जीबी दिसत असेल, तर प्रोग्रामांनी मिळून जवळ आहे त्याच्या दीडपट जागा मागून ठेवली आहे. 'कॅश्ड' मोठा दिसला म्हणून मात्र घाबरायचं नाही. ती रिकामी जागा विंडोजने जुन्या फायली हाताशी ठेवायला वापरलेली असते आणि गरज पडली की लगेच मोकळी करून देतं. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'फ्री -एच' (free -h) ही आज्ञा चालवून 'फ्री' नाही, तर 'अव्हेलेबल' हा रकाना वाचायचा.

आणि समजा मेमरी ६० टक्क्यांवर निवांत आहे, पण मशीन चालू व्हायला चार मिनिटं घेतं आणि प्रत्येक प्रोग्राम उघडताना डिस्क १०० टक्के दाखवते, तर रॅम विसरा. ते पैसे साध्या साटा एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणाऱ्या जलद डिस्कवर, घाला. माझं मत विचाराल तर हार्ड डिस्कवर विंडोज चालवणाऱ्या कोणत्याही जुन्या मशीनला आधी एसएसडी, मग रॅम. अपवाद फक्त ४ जीबी किंवा त्याहून कमी रॅमवाल्यांचा, त्यांना दोन्ही लागतं. एसएसडी असली की पेजफाइलही सुसह्य होते, म्हणून काही जण रॅमचा खर्च टाळून तेवढ्यावर भागवतात. चालतं. पण रॅमची जागा एसएसडी घेऊ शकत नाही, आणि सतत पेजफाइल लिहून तिची झीज होते ती वेगळीच.

किती रॅम घ्यायची, याचं उत्तर लोकांना वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. ४ वरून ८ जीबीवर गेलात तर फरक लख्ख दिसतो. ८ वरून १६ वर जाण्याचा फायदा टॅबांचा ढीग लावणाऱ्यांना, फोटो-व्हिडिओचं काम करणाऱ्यांना आणि व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांना होतो. १६ च्या पुढे जुन्या मशीनला बहुतेक वेळा काही मिळत नाही, कारण तोवर प्रोसेसरच दमलेला असतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एक हिशेब लक्षात ठेवा. प्रोसेसरमधलं किंवा मदरबोर्डवरचं, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डावरचं, ग्राफिक्स आपली जागा याच रॅममधून कापून घेतं. टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' म्हणून दिसतो त्यात हा वाटाही असतो.

पण तिथे एखादा जीबी किंवा त्याहून जास्त अडकलेला दिसला तर विंडोज ३२ बिटचं नाही ना, ते तपासा. घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या वर जातच नाही, आणि त्यातलीही ३ ते साडेतीनच हाती लागते. अशा मशीनवर ८ जीबी टाकली तर वरची सगळी वाया. आधी ६४ बिटची नवी मांडणी करावी लागेल, आणि ती जुन्यावर चढत नाही, कोरं इन्स्टॉलेशनच करावं लागतं. विंडोज ७ होम बेसिकसारख्या आवृत्त्यांवर ६४ बिट असूनही ८ जीबीची मर्यादा होती, होम प्रीमियमवर १६ ची.

आता मुख्य भाग, रॅमची पिढी. डेस्कटॉपमध्ये आज भेटणाऱ्या पिढ्या म्हणजे डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५. यातली एक दुसरीच्या जागी बसत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८. पण सोनेरी पट्टीतली खाच प्रत्येकीत वेगळ्या जागी असते, मुद्दामच. कारण वीजदाब वेगळे आहेत: डीडीआर२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. म्हणून स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, स्लॉटच्या खोबणीत बसत नसेल तर जोर लावायचा नाही. चुकीच्या पिढीची असेल, नाहीतर उलटी धरलेली.

पिढी कशी ओळखायची? साधारण २००९ ते २०१५ च्या दरम्यानचं मशीन असेल तर बहुधा डीडीआर३. इंटेलची चौथ्या पिढीपर्यंतची कोअर मालिका, म्हणजे आय३, आय५, आय७ वगैरे, डीडीआर३ वरच चालते. २०१५ मधली सहावी पिढी डीडीआर४ आणि डीडीआर३एल दोन्ही घेऊ शकते, कुठली ते मदरबोर्ड ठरवतो. डीडीआर३एल म्हणजे १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३. ती १.५ व्होल्टच्या जुन्या बोर्डावरही बिनतक्रार चालते. उलटं मात्र करू नये. सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसोबत १.५ व्होल्टची जुनी डीडीआर३ लावून चालवणं धोक्याचं आहे, खाच जुळली तरी. अंदाजावर जायचं नसेल तर सीपीयू-झेड हा फुकट प्रोग्राम उतरवा. त्याच्या मेमरी टॅबवर पिढी दिसते, एसपीडी टॅबवर प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकची कुंडली आणि मेनबोर्ड टॅबवर बोर्डाचं मॉडेल. मेमरी टॅबवर वेग १६०० ऐवजी ८०० दिसला म्हणून रॅम अर्ध्या वेगाने चालतेय असं समजू नका. डीडीआर एका ठोक्यात दोनदा माहिती देते, आणि जाहिरातीतला आकडा त्या दुप्पट हिशेबाचा असतो.

बोर्डाचं मॉडेल कळलं की कंपनीच्या वेबसाइटवर त्याचं मॅन्युअल उघडून दोन गोष्टी वाचायच्या: एकूण किती जीबी चालते आणि एका स्लॉटमध्ये किती. हे टाळून पुढे जाऊ नका, कारण मर्यादा चिपसेटगणिक, म्हणजे बोर्डाचा कारभार सांभाळणाऱ्या चिपांगणिक, बदलते. दोन स्लॉटच्या एच६१ बोर्डावर १६ जीबीची हद्द आहे. त्याआधीच्या जी४१ वर ८ ची, आणि तिथे आणखी एक मेख आहे जी मॅन्युअलमध्ये सहसा ठळक लिहिलेली नसते.

ती समजायला स्टिकवरचं लेबल वाचता यायला हवं. जुनी स्टिक काढून उजेडात धरा. छोट्या अक्षरात काहीसं असं असतं: '४जीबी २आरएक्स८ पीसी३-१२८००यू'. पहिला आकडा क्षमतेचा. 'पीसी३' म्हणजे डीडीआर३, 'पीसी३एल' असेल तर डीडीआर३एल, 'पीसी४' म्हणजे डीडीआर४. १२८०० हा वेग आहे, सेकंदाला इतके एमबी. रॅमची एक वाहिनी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट रुंद असते. १२८०० ला ८ ने भागा, १६०० आले. म्हणजे ही डीडीआर३-१६००. मधल्या 'आरएक्स'च्या आधीचा आकडा सांगतो की चिपांचे किती गट आहेत, आणि नंतरचा, की एकेक चिप किती बिट रुंद आहे. ८ बिटच्या चिपा, तर ६४ बिट भरायला एका गटात ८. दोन गट म्हणजे १६ चिपा, आणि ४ जीबीला १६ ने भागलं की प्रत्येक चिप २५६ एमबीची. हीच ४ जीबी '१आरएक्स८' असेल तर चिपा आठच, पण एकेक ५१२ एमबीची. जी४१ ची मेख हीच. त्याला ५१२ एमबीच्या चिपा कळत नाहीत. म्हणून डीडीआर३ लागणाऱ्या जी४१ बोर्डाला १६ चिपांचीच ४ जीबी हवी. आठ चिपांची त्याहून नवी आणि चांगल्यातली स्टिक आणली तरी पडदा काळा.

लेबलच्या शेवटचं अक्षर सगळ्यात महागात पडू शकतं. 'यू' म्हणजे साधी, अनबफर्ड, डेस्कटॉपची रॅम. 'आर' म्हणजे रजिस्टर्ड, ती सर्व्हरची. 'ई' म्हणजे ईसीसी, चुका ओळखून दुरुस्त करणारी. सर्व्हर मोडीत निघाले की त्यातली 'आर' रॅम ढिगाने बाजारात येते आणि फारच स्वस्त दिसते. साध्या डेस्कटॉपमध्ये ती चालत नाही. ओळखायची खूण म्हणजे एका बाजूला आठऐवजी नऊ चिपा आणि मधोमध एक वेगळी चिप. दुसरा सापळा 'फक्त एएमडीसाठी' असं बारीक अक्षरात लिहून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या डीडीआर३ चा. यात चिपा ४ बिट रुंदीच्या असतात. काही एएमडी बोर्ड त्या चालवून घेतात, इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर नाही. भाव संशयास्पद कमी असेल तर वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि ब्रँडेड छोट्या, पुस्तकाएवढ्या डेस्कटॉपमध्ये बहुतेकदा लॅपटॉपची आखूड रॅम लागते, तेव्हा आधी झाकण उघडून खात्री करा.

वेगासाठी जास्त पैसे मोजू नयेत. रॅम सर्वात मंद घटकाच्या चालीने चालते, मग तो घटक जुनी स्टिक असो वा प्रोसेसर. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या आय५ बरोबर एच६१ बोर्डावर १६०० ची स्टिक लावली तरी ती १३३३ नेच चालणार. नुकसान काही नाही, पण १८६६ साठी ज्यादा मोजलेले पैसे फुकट.

दोन स्टिकांचा मुद्दा मात्र वेगापेक्षा महत्त्वाचा. बहुतेक डेस्कटॉपमध्ये रॅमच्या दोन वाहिन्या असतात. दोन्हींत एकेक स्टिक असली की ६४ ऐवजी १२८ बिट एका वेळी ये-जा करतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला याचा फायदा चांगलाच जाणवतो, विशेषतः गेममध्ये. बाकीच्या कामात थोडा. दोन्ही स्टिक हुबेहूब एकसारख्या असाव्यात असं सांगितलं जातं, आणि त्या असल्या तर डोक्याला त्रास नाही. पण बजेट तंग असेल आणि जवळची ४ जीबीची स्टिक चांगली असेल तर ती काढून टाकायची गरज नाही. एक स्लॉट रिकामा असेल तर तशाच वेगाची, तेवढ्याच व्होल्टची ४ जीबीची दुसरी शोधा. ४ च्या जोडीला ८ लावली तरी इंटेलच्या बऱ्याच बोर्डांवर पहिले ८ जीबी दुहेरी वाहिनीने चालतात आणि उरलेले ४ एकेरीने. हे वाईट नाही. सगळे स्लॉट भरलेले असतील, दोन्हींत दोनदोन जीबी, तरच जुन्या काढाव्या लागतात.

नवी घ्यायची की वापरलेली? डीडीआर३ साठी मी सरळ वापरलेली म्हणेन. यामागचं कारण रॅमच्या रचनेत आहे. १९६८ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना ज्या कल्पनेचं पेटंट मिळालं तीच आजही वापरात आहे: एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक चिमुकला कपॅसिटर. कपॅसिटरमधला विद्युतभार गळत राहतो, म्हणून तो साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरला जातो, आणि वीज गेली की सगळं पुसलं जातं. एसएसडीत प्रत्येक लिखाणागणिक पेशी झिजते, तशी झीज इथे नाही. दहा वर्षं ऑफिसच्या मशीनमध्ये गेलेली स्टिक बहुधा पुढची दहाही काढते. जी बिघडते ती बहुतेक हाताळणीने, स्थिर विजेच्या झटक्याने किंवा सदोष वीजपुरवठ्याने. त्यामुळे परत घेण्याची मुदत देणाऱ्याकडून घ्यायची आणि त्या मुदतीत तपासायची. शिवाय जुन्या पिढीची नवी रॅम स्वस्त असतेच असं नाही. कारखाने पुढच्या पिढीकडे वळले की मागच्या पिढीचं उत्पादन आटतं आणि भाव उतरायचे थांबतात, कधी चढतात. २०२५ मध्ये डीडीआर४ चं तेच झालं, वर एआय डेटा सेंटरांच्या मागणीने मेमरीची ओढाताण आणखी वाढली.

मशीनवर किती खर्च करायचा याची हद्दही इथेच घालून घ्या. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट देण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. म्हणजे डीडीआर३ ची जवळपास सगळी मशीनं त्यातून बाद. त्यात ८ जीबी करून लिनक्स मिंटसारखं काही टाकलं तर घरकामाला ती मजेत चालतील. पण तिथे १६ किंवा ३२ जीबी घालण्यापेक्षा ते पैसे पुढच्या मशीनसाठी राखलेले बरे.

बसवणं सगळ्यात सोपं. मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा. नुसतं शटडाउन पुरत नाही, कारण वायर जोडलेली असेपर्यंत मदरबोर्डवर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, स्टिक कडेने धरा, खाच जुळवा, स्लॉटच्या क्लिपा उघडून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. क्लिप आपोआप 'टक' करून बंद झाली पाहिजे. एकाच बाजूची झाली असेल तर स्टिक तिरकी बसली आहे. चार स्लॉट असतील तर कुठल्या दोनांत लावायच्या ते मॅन्युअलमध्ये बघा. एकाच रंगाचे दोन हा नेहमीचा ठोकताळा, पण सगळ्याच बोर्डांना लागू नाही.

चालू केल्यावर पडदा काळा आणि नुसते बीप? दहापैकी आठ वेळा स्टिक नीट बसलेली नसते. काढून परत लावा. तरी नाही तर सोनेरी पट्टीवरून पेन्सिलचं खोडरबर हलक्या हाताने फिरवा. हे बोर्डपासून लांब करा, रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडता कामा नये. मग नवी स्टिक एकटीच लावून बघा, दुसऱ्या स्लॉटमध्येही बघा. एकटी चालते पण जुनीबरोबर चालत नाही, तर दोघींचं जमत नाही. अशा वेळी बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, मूळ सेटिंगवर आणणं आणि कंपनीने बायोसची नवी आवृत्ती काढली असेल तर ती चढवणं, एवढे दोन उपाय हातात उरतात.

पडदा आला, विंडोजमध्ये ८ जीबी दिसली, की लोक झाकण लावून मोकळे होतात. अजून एक रात्र थांबा. मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून मशीन त्यावरून चालू करा आणि रात्रभर चालू द्या. तो प्रत्येक पत्त्यावर वेगवेगळे आकृतिबंध लिहून परत वाचतो आणि कुठे फरक पडला ते मोजतो. सकाळी चुकांचा आकडा शून्य हवा. एखादीच चूक आहे, चालून जाईल, असं इथे चालत नाही. ती एक चूक फायलीत शिरली की हिशेबाची शीट किंवा फोटो गुपचूप खराब होतो आणि कारण कधीच सापडत नाही. चुका दिसल्या तर प्रत्येक स्टिक एकाच स्लॉटमध्ये आळीपाळीने लावून पुन्हा चाचणी करा. दोन्ही स्टिकांना चुका आल्या तर दोष बहुधा स्लॉटचा किंवा बोर्डाचा, एकीलाच आल्या तर ती स्टिक मुदत संपायच्या आत परत पाठवा.